रॅम्प बांधा, पण जरा बेताने

कचेरीच्या दारात रॅम्प बांधायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. रॅम्प काय, कुणीही बांधतं. तो कुणाच्या कामाला येणार नाही हे बघण्यातच खरं कसब आहे.

उतारापासून सुरुवात करा. नियम म्हणतो एकास बारा, म्हणजे जोतं 3 फूट असेल तर रॅम्प 36 फूट. तेवढ्यात साहेबांच्या दोन गाड्या लागतात! तुम्ही 10 फुटांत उरका. वर गुळगुळीत ग्रॅनाइट हवाच, पावसाळ्यात त्याची मजा काही औरच.

मग कठडा. इथे भलेभले चुकतात आणि धरता येईल असा बसवून मोकळे होतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत गोल पाइप सांगितलाय, 38 ते 45 मिलिमीटर जाडीचा, मुठीत मावणारा. तोही दोन्ही बाजूंना, 760 आणि 900 मिलिमीटर अशा दोन उंचींवर. म्हणजे बसलेल्याचाही हात पोचावा आणि उभ्याचाही. किती हे लाड! तुम्ही एकाच बाजूला तीन इंची चौकोनी पाइप ठोका. मूठ वळणार नाही, पण झेंडावंदनाला झेंडूच्या माळा झकास बसतात. भिंतीपासून 50 मिलिमीटर जागा सोडायला सांगतील, सोडू नका. बोटं आत गेलीच नाहीत तर अडकतील कशी?

जिना संपला की कठडा 300 मिलिमीटर पुढे न्यायचा असतो, पायऱ्या संपल्याचं न दिसणाऱ्याला हातानं कळावं म्हणून. तुम्ही दोन पायऱ्या आधीच थांबवा. वळणावर तर हमखास तोडा, तोल तिथेच जातो. टोक भिंतीकडे वळवण्याचा खर्चही वाचवा. उघड्या टोकात पदर अडकला की बाई आपोआप थांबतात.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, नियम 2017 चे. जुन्या इमारतींना दिलेली 5 वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली. तुम्हाला कुणी विचारलं? नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र राजीव रतुरी खटल्यात रसभंग केला. या नियमांतला 15(1) हा नियम नुसत्या शिफारशीसारखा आहे म्हणून रद्द केला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा, असं केंद्राला बजावलं. शिफारशीच्या आडोशाने किती रॅम्प सुखाने निजले होते!

असो. उद्घाटनाची फीत कठड्यालाच बांधा. फोटोपुरती व्हीलचेअर वर न्यावी लागेल, त्यासाठी चार शिपाई चौकटीबाहेर तयार ठेवा. पूर्तता अहवाल त्याच दुपारी पाठवा, कारण संध्याकाळपर्यंत रॅम्पच्या पायथ्याशी मोटारसायकली लागलेल्या असतील. चोरीची भीती वाटत असेल तर साखळी कठड्याला घाला, तेवढा तो मजबूत असतो.