‘काकां’चे उत्तर : एका तटस्थ वाचकास

‘एक तटस्थ वाचक’ यांस,

प्रौढांसाठीच्या ॲनिमेशन विज्ञानपटांवरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि चहा निवला. दुसऱ्यांदा रात्री वाचली, कारण सकाळी रागाच्या भरात मीच काही भलते वाचले असेल अशी शंका होती. तसे काही झालेले नव्हते. ज्यांच्या नजरेतून ती निसटली असेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. आपले म्हणणे असे, की हे चित्रपट थोर नव्हते, दुर्मिळ होते; मिळत नसत म्हणून त्यांच्याभोवती पंथ जमला, आणि आज ते मोबाइलवर मिळत असताना जी आवड उरली आहे ती पन्नाशीला टेकलेल्या पुरुषांचे स्मरणरंजन आहे; तरुणांना ते मोबाइलवर पाहताना झोप येते. या चित्रपटांतील स्त्रियांविषयी मी एक ओळही लिहिलेली नाही. ‘हेवी मेटल’चे साल मी चुकवले आहे. आणि शेवटी, ‘काकांनी आता जरा नवीन काही बघावे!!’

सालाची चूक मला मान्य आहे. चित्रपट १९८१ चा आहे, मी १९८२ लिहिले, आणि हे दाखवून दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

आता ‘काकां’विषयी. बडोद्यात अनोळखी माणसालाही काका म्हणण्याची पद्धत आहे; रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, रावपुऱ्यातील बँकेतला मुलगाही टोकन हातात देताना म्हणतो, आणि मला त्याचे कधी काही वाटलेले नाही. पण त्यांच्या ‘काका’पुढे दोन उद्गारचिन्हे नसतात. तटस्थ माणसाला एवढी विरामचिन्हे लागत नाहीत असा माझा समज होता. मतभेद मला वर्ज्य नाहीत. या लेखमालेत अनेकांनी माझी मते खोडून काढली आहेत आणि ती मी जशीच्या तशी राहू दिली आहेत. मात्र एखाद्याच्या रसग्रहणाला उत्तर म्हणून त्याचे वय पुढे करणे हा वाद नव्हे, एवढे तरी आपल्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये.

‘मिळत नसत म्हणून थोर वाटले’ हे आपले एक वाक्य मात्र मला सोडवत नाही, कारण ते ऐकायला चटकन पटते आणि म्हणूनच ते जास्त त्रास देते.

मी हे चित्रपट कसे पाहिले ते सांगतो. १९९३ च्या दिवाळीत माझ्या आतेभावाने न्यू जर्सीहून ‘अकिरा’ या जपानी ॲनिमेशन विज्ञानपटाची कॅसेट आणली. दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात व्हीसीआर नव्हता. तो एका रात्रीपुरता भाड्याने आणावा लागे, आणि भाडे वसूल व्हावे म्हणून उजाडेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहिले जात. व्हीसीआर घेऊन आलेल्या मुलाने कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि ‘आ तो अमेरिकानी कॅसेट छे, कलर नहि आवे’ असे सांगून टाकले. त्याचेच खरे ठरले. टीव्हीच्या चित्रसंकेताची अमेरिकेची पद्धत एनटीएससी आणि आपली पॅल. व्हीसीआरने कॅसेट कशीबशी चालवली, पण टीव्हीला तिचा रंग कळेना आणि चित्र खालून वर सरकत राहिले. टीव्हीच्या पाठीमागचे व्हर्टिकल होल्डचे बटण मी चिमटीत धरून बसलो तेव्हा कुठे ते स्थिरावले. ज्या चित्रपटात ३२७ रंग वापरले गेले आणि त्यांतील ५० खास त्याच्यासाठी बनवले गेले, तो मी पहिल्यांदा कृष्णधवल पाहिला, तोही टीव्हीच्या बाजूने मान वाकडी करून.

आता आपण म्हणाल, की हे उदाहरण तर आपल्याच बाजूचे झाले. म्हणा. पण त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. दोनच्या सुमारास आत्या आम्हाला झोपायला सांगण्यासाठी वर आली. पडद्यावर तेव्हा इस्पितळातील तेत्सुओला, म्हणजे चित्रपटातील एका मुख्य पात्राला, भास होत होते. खेळण्यातले अस्वल आणि ससा वाढत वाढत छताला भिडले होते आणि त्यांच्या अंगातून दूध गळू लागले होते. आत्या चौकटीला हात लावून तशीच उभी राहिली. तो प्रसंग संपल्यावर ती ‘हे मुलांसाठी नाही रे’ एवढेच म्हणाली आणि झोपा म्हणायचे विसरून खाली निघून गेली. ती कॅसेट दुर्मिळ आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या लेखी ती व्हीसीआरच्या भाड्याची उधळपट्टी होती. तिला कशाने उभे केले, याचे उत्तर आपल्या सिद्धांतात मला सापडत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर हाताच्या कामात आहे. जिवंत नटांच्या विज्ञानपटात माणूस खरा असतो आणि यंत्र खोटे असते. वीस वर्षांनी नटाचा चेहरा तसाच पटतो, पण त्याच्या पाठीमागचे यान पुठ्ठ्याचे दिसू लागते. रेखाटलेल्या चित्रपटात माणूस, यान, पाऊस आणि धूर एकाच शाईतून आलेले असतात, म्हणून ते एकत्र म्हातारे होतात, किंवा होतच नाहीत. दिग्दर्शक रने लालू यांचा ‘फँटॅस्टिक प्लॅनेट’ १९७३ चा आहे. चित्रकार रोलाँ तोपोर यांच्या चित्रांवरून प्रागच्या यिरी त्र्न्का स्टुडिओत कागदाचे कापलेले तुकडे हलवून तो तयार झाला, आणि कानमध्ये त्याला विशेष पारितोषिक मिळाले. त्याच्या आरंभी एक बाई पोराला छातीशी धरून धावत असते आणि एक अवाढव्य निळा हात वरून येऊन टिचकीने तिला मागे ढकलतो. पुन्हा धावते, पुन्हा टिचकी. ती मरते तेव्हा तिच्याशी खेळणारी अवाढव्य निळी मुले हळहळतात ती एवढ्यासाठीच, की आता हिच्याशी खेळता येणार नाही. हे दृश्य पाहताना माझ्या मनात कागदाच्या कडा आल्या नाहीत, आमच्या वाड्याच्या अंगणात आम्ही मुंगळ्यांचे काय करत असू ते आले.

हे मी केवळ पाहून बोलत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात, ‘अकिरा’चेच वेड डोक्यात असताना, मांडवीच्या दरवाजाखालून जाणारा टांगा हळूहळू यान होतो अशी आठ सेकंदांची फिल्म करायला मी बसलो होतो. जेवणाच्या टेबलाची काच दोन खुर्च्यांवर ठेवली, खाली साठ वॅटचा बल्ब लावला आणि वर ट्रेसिंग पेपर. सेकंदाला चोवीस चौकटी, प्रत्येक चित्र दोनदा वापरायचे, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे आणि एकूण शहाण्णव. पंखा लावला की कागद उडत, म्हणून पंखा बंद. घामाचे थेंब कागदावर पडत आणि घोड्याचे पाय फुगत. एकसष्टाव्या चित्रापर्यंत पोहोचलो. घोडा धावण्याऐवजी शेवटपर्यंत घसरतच राहिला. ‘अकिरा’साठी एक लाख साठ हजारांहून अधिक सेल (चित्रांचे पारदर्शक पत्रे) रंगवले गेले, शिवाय जपानमध्ये आवाज बहुधा चित्रांनंतर भरले जातात, पण इथे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून ओठ त्यांच्यानुसार काढले गेले. सेलची ही संख्या मी आकडा म्हणून वाचत नाही, उन्हाळे म्हणून वाचतो. ज्याने बल्बखाली एकसष्ट कागद काढलेले नाहीत त्याने ‘स्मरणरंजन’ हा शब्द जरा जपून वापरावा, असे मला वाटते. आपण काढले असतील तर माफी असावी. आपल्या प्रतिक्रियेवरून तसे दिसत नाही.

दुर्मिळतेचा हिशेब आपण नीट मांडला असता, तर आपल्या हाताशी एक चांगला पुरावा होता. गाण्यांच्या हक्कांमुळे ‘हेवी मेटल’ची अधिकृत कॅसेट १९९६ पर्यंत निघू शकली नाही. पंधरा वर्षे हाती न लागलेला चित्रपट! आपण त्याचे साल तेवढे दुरुस्त केलेत. पण त्याच १९९६ मध्ये ‘घोस्ट इन द शेल’ हा जपानी ॲनिमेशनपट अमेरिकेतील व्हिडिओ विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता, म्हणजे तो दुकानात सहज मिळत होता आणि लोक तो घरी नेत होते. त्यात मध्यावर शहराचे, पावसाचे, कालव्याचे एक लांबलचक दृश्य आहे. संवाद नाही, घटना नाही, मागे फक्त केनजी कावाई यांचे संगीत. मोबाइलवर तरुणांना झोप येते म्हणता ती इथे येत असेल, तर तो मोबाइलच्या आकाराचा दोष आहे.

आणि सहज मिळण्याने ओढ मरते हे म्हणणे निदान बडोद्यात बसून करू नये. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून करून घेतलेली पौराणिक चित्रे लक्ष्मी विलास राजवाड्यात होती, तोवर ती पाहणारे मोजके होते. १८९४ मध्ये रविवर्मांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर आली. तेव्हापासून आपल्या देव्हाऱ्यातील सरस्वतीचा चेहरा कुणामुळे ठरला? चित्र हजारो घरांत गेले, म्हणून ओढ कमी झाली का? मला तर उलटेच दिसते. (रविवर्मांचे नाव ॲनिमेशनशी जोडल्याबद्दल कुणी रागावले, तर त्यासाठी वेगळी प्रतिक्रिया लिहावी, मी वाचेन.)

स्त्रियांविषयीचा आपला मुद्दा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो इथे एका वाक्यात उरकणे बरे नव्हे. ‘घोस्ट इन द शेल’ची नायिका मेजर कुसानागी आहे आणि सगळा चित्रपट तिच्याभोवती फिरतो, एवढे नोंदवून पुढे जातो. ‘हेवी मेटल’बद्दल मी आज बोलत नाही.

‘नवीन काही बघावे’ या सल्ल्याबद्दल सांगायचे, तर बघतो. नवीन पुष्कळ बघतो, आणि त्यातले बरेच दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तेत्सुओचा ससा आज तीस वर्षांनंतरही आठवतो, आणि आत्या जाऊन नऊ वर्षे झाली तरी चौकटीवरचा तिचा हातही आठवतो. यातले दुसरे स्मरणरंजन आहे, हे मी आपल्याला बिनशर्त देतो.

मूळ लेखातील साल आज दुरुस्त केले आहे. ही दुरुस्ती कुणी सुचवली हे तळाशी नोंदवण्याची माझी पद्धत आहे. त्यासाठी आपले खरे नाव कळवावे.