समितीने कोकणात मे महिन्यात यावे

विधिमंडळाचे अधिवेशन संपले की त्याच्या बातम्याही संपतात आणि पुढचे अधिवेशन भरेपर्यंत तिथे काहीच चालत नाही, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज होतो. मी कोकणातील एका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात २९ वर्षे नोकरी केली आणि माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. सभागृहात प्रश्नाला मिनिटे मिळतात. विधिमंडळाच्या समितीपुढे एकाच परिच्छेदावर दुपार जाते. लोकलेखा, अंदाज, आश्वासन, पंचायती राज, रोजगार हमी, विनंती अर्ज अशा समित्यांचे खरे काम दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात चालते. सचिवांच्या साक्षी होतात, कागद मागवले जातात, जिल्ह्यांचे दौरे होतात. अधिवेशन संस्थगित झाले, म्हणजे औपचारिकरीत्या संपले, म्हणून समितीपुढचा विषय रद्द होत नाही, आणि समितीत पक्षाची बाकेही सभागृहाइतकी ठळक नसतात. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत या विचारातूनच रुजला आहे.

आमच्याकडे ‘पीआरसी’, म्हणजे पंचायती राज समिती, येणार असे कळले की महिनाभर आधीपासून कार्यालयातील दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असत. समितीची प्रश्नावली आलेली असे. त्यातील बहुतेक प्रश्न कितीतरी वर्षांपूर्वीच्या लेखाआक्षेपांवरचे (लेखापरीक्षणात काढलेल्या हरकतींवरचे) असत आणि ज्यांच्या सहीने तो खर्च झाला ते अधिकारी बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले असत. खर्चाचे जुने प्रमाणक शोधायचे, अनुपालन म्हणजे आक्षेपांचे उत्तर लिहायचे, तालुक्यांकडून माहिती मागवून बेरीज जुळवायची, हे काम मी अनेकदा केले आहे. ते निरर्थक होते असे मी मुळीच म्हणणार नाही. आपला खर्च कुणीतरी ओळीओळीने वाचणार आहे, या जाणिवेने कितीतरी चुका आधीच टळतात.

परंतु माझ्या मनात राहिला तो एका दौऱ्यातील वेगळाच प्रसंग. नळपाणी योजनेच्या पाहणीसाठी समितीचे काही सदस्य एका वाडीत आले होते. जानेवारीचा महिना होता, नळाला पाणी होते, योजना कागदावर पूर्ण होती आणि निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा विनियोग दाखला माझ्याच फाईलमध्ये होता. परत निघताना एका वयस्क सदस्यांनी कळशी भरणाऱ्या बाईंना विचारले, “ताई, हे पाणी कधीपर्यंत येतं?” त्या म्हणाल्या, “शिमग्यापर्यंत येतं साहेब. मग खाली पऱ्यात डवरे खणतो.” म्हणजे ओढ्याच्या पात्रात पाण्यासाठी खड्डे. तो प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नव्हता, लेखाआक्षेपात नव्हता आणि आम्ही तयार केलेल्या अनुपालनात त्याचे उत्तरही नव्हते. त्या सदस्यांनी उत्तर आपल्या वहीत लिहून घेतले. समितीचा अभ्यास म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले. त्याच वेळी माझ्या लक्षात आले की हाच दौरा मे महिन्यात झाला असता, तर कुणाला काही विचारावेच लागले नसते.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांवर टँकर धावतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतारावरचे पाणी काही तासांत खाडीला मिळते. हिवाळ्यात येणाऱ्या माणसाला इथे भरलेल्या विहिरी आणि मोहोरलेल्या बागा दिसतात, आणि त्याने पाणीटंचाईवर विश्वास का ठेवावा, हे आम्हालाही सांगता येत नाही. आपल्या विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण मार्च-एप्रिलपर्यंत संपते आणि पावसाळी अधिवेशन जूनअखेरीस किंवा जुलैत सुरू होते. मधले हे दोन-अडीच महिने कोकण समजून घेण्यासाठी सर्वांत योग्य आहेत. मी पाहिलेले दौरे मात्र जवळजवळ सगळे थंडीतले होते.

मासेमारीचेही तेच आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हर्णैसारख्या बंदरात एरवी ज्या माणसाला दोन शब्द बोलायला सवड नसते, तो या दिवसांत जाळी दुरुस्त करत घरी असतो. सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा असून त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तरी पर्ससीन जाळी (माशांच्या थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या प्रकाशाने मासे ओढून केलेली मासेमारी यांचा तंटा मिटलेला नाही. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत आहे आणि त्यापलीकडे केंद्राचा अंमल सुरू होतो, मासळी मात्र ही रेषा पाळत नाही. असा विषय अर्ध्या तासाच्या चर्चेने सुटणारा नाही. त्यासाठी पारंपरिक मच्छीमार, पर्ससीनवाले, गस्ती नौकेवरचे कर्मचारी आणि मत्स्य महाविद्यालयातील अभ्यासक यांची साक्ष एकाच ठिकाणी, एकमेकांसमोर व्हायला हवी. जूनचा पहिला पंधरवडा त्यासाठी मोकळा असतो. ऑक्टोबरात बैठक ठेवली तर येतील ते फक्त पदाधिकारी.

आणि धरणे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि २० हून अधिक जीव गेले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. समिती आली असती तर धरण वाचले असते, असा दावा मी करणार नाही. परंतु पावसाआधी तक्रारींची नोंदवही उघडून ‘यावर काय केले?’ असे विचारणारे एखादे मंडळ तालुक्यात येणार आहे, हे माहीत असले तर ती नोंदवही कपाटात राहत नाही.

दुसरी गोष्ट विषयांची. संसदेत १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ असून प्रत्येकीत ३१ सदस्य असतात. अर्थसंकल्प मांडल्यानंतर संसदेला काही आठवड्यांची सुट्टी मिळते, आणि तेवढ्यात या समित्या मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याचे विधिमंडळ तर दोन वर्षांतून एकदाच, जास्तीत जास्त १४० दिवसांच्या नियमित अधिवेशनासाठी भरते. मधल्या काळात समित्यांनी कशाचा अभ्यास करायचा, ते सभागृहांचे प्रमुख लेखी नेमून देतात आणि ती यादी जाहीर होते. तेथील शेतकऱ्याला किंवा शिक्षकाला आपल्या विषयावर सुनावणी होणार हे आधी कळते. आमच्या गावात मात्र समिती येऊन गेल्याचे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळते.

मे महिन्यात आमदारांना मतदारसंघातील लग्नकार्ये असतात, उकाडा असतो, अधिकारी रजेवर असतात, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही तीन दिवसांचा एक दौरा त्या काळात बसवणे अशक्य नाही. विनंती अर्ज समितीकडे सदस्यामार्फत अर्ज देण्याची सोय आहे, म्हणून मी आमच्या भागासाठी तसा अर्ज लिहायला घेतला आहे. पहिली मागणी अशी आहे की नळपाणी योजनांची पाहणी १५ एप्रिल ते ३१ मे या काळातच व्हावी आणि पाहणीच्या विषयांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर महिनाभर आधी लागावी. आपल्या वाडीत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत येते, ते ज्यांना माहीत आहे त्यांनी गावाच्या नावासह खाली लिहावे. मी ते अर्जाला जोडणार आहे.