पंप बदलायच्या आधी चार बाटल्या लावा : 'जुना फिटर' यांना उत्तर

मिस्त्री (नावाच्या जागी तुम्ही फक्त 'जुना फिटर' लिहिलंय, म्हणून मिस्त्रीच म्हणतो), पहिल्यांदा पांढऱ्या धुराचं घेतो, कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. डिझेल पिकअप चालू का होत नाही यावरच्या मागच्या लेखात, ज्यावर तुमची प्रतिक्रिया आली, मी एका ओळीत उरकलं होतं, 'पांढरा धूर दिसला की हेड गॅस्केट बघा.' (हेड म्हणजे इंजिन ब्लॉकवरचा डोक्याचा भाग, गॅस्केट म्हणजे दोघांमधलं पॅकिंग.) तुम्ही लिहिलंत, 'या एका ओळीवर पोरं हेड उतरवतील.' उतरवतील, खरं आहे. ओळ चुकीची होती, काढून टाकली.

पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. एक न जळलेल्या डिझेलचा. तो डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास मारतो आणि त्याचा हेडपेक्षा टपकणाऱ्या इंजेक्टरशी (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) नाहीतर कमी कॉम्प्रेशनशी (सिलिंडरमध्ये हवा नीट न दाबली जाणं) जास्त संबंध असतो. दुसरा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाफेचा. डोळ्यांना लागत नाही, वास किंचित गोडसर, आणि बाटलीतलं कूलंट आठवड्या-आठवड्याने खाली जातं. पावसाळ्यात सकाळी पहिली दोन-चार मिनिटं सगळेच सायलेन्सर वाफ सोडतात, ती सोडून द्यायची. संशय असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचा रेडिएटरचा वरचा होज हातात धरायचा आणि गाडी चालू करायची. इंजिन अजून थंडच आहे आणि दोन मिनिटांत होज दगडासारखा झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. होज नरम, पण कूलंट तरी कमी होतंय, तर हेडला हात लावायच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा थोडा धूर कूलंटने थंड करणारा भाग) बघायचा. तो आतून फुटला की धूर अगदी हेड गॅस्केट गेल्यासारखाच दिसतो, आणि खोलायला हेडपेक्षा कितीतरी सोपा.

आता उरलेलं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मागचा लेख भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलणाऱ्या एका पिकअपचा होता. सेल्फ मारला तरी गाडी उठत नव्हती, स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) रेल प्रेशर कमी असल्याचा कोड, पी-००८७. (रेल म्हणजे पंपाने दाबलेलं डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरना देणारा जाड पाइप.) तुमचं म्हणणं, 'कोड पंपाचा आहे, पंप बदला, गाडी सोडा. मालकाचा हप्ता असतो. तुमच्या तपासण्यांत त्याचा अर्धा दिवस जातो. शिवाय तुम्ही आम्हा सगळ्यांना चोर ठरवता.' आणि खाली आणखी दोन सल्ले : मिसिंग (कुठला सिलिंडर पेटत नाही ते) काढायला इंजेक्टरच्या पाइपचे नट ढिले करावेत, आणि डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) चोंदला की आतून फोडून रिकामा करावा.

कोडपासून सुरुवात करू. पी-००८७ कुठे म्हणतो की पंप गेला? तो एवढंच म्हणतो की जेवढं प्रेशर मागितलं तेवढं रेलमध्ये दिसत नाही. चाळीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेना, तर आपण तडक मोटर बदलतो का? आधी खालची टाकी बघतो. मग फूट व्हॉल्व्ह हवा घेतोय का, मधला पाइप फुटलाय का, कुणाच्या घरी नळ उघडा राहिलाय का. कधी टाकी भरलेली असते आणि फ्लोटच अडकलेला असतो. पिकअपमध्ये खालची टाकी म्हणजे डिझेल टाकीतली जाळी आणि फिल्टर, फूट व्हॉल्व्ह म्हणजे सक्शनचा सैल झालेला पाइप, उघडा नळ म्हणजे रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर, आणि फ्लोट म्हणजे रेल सेन्सर किंवा त्याची वायर. मोटर, म्हणजे पंप, या यादीत आहेच, पण शेवटी.

मासळीच्या गाडीचं काय निघालं ते लेखात होतं, पण तुम्ही बहुतेक तिथपर्यंत वाचलंच नाही. तिचा सेल्फ जड फिरत होता. बॅटरी नवीन, म्हणून कुणी तिकडे बघितलंच नव्हतं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मारला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, आला जवळपास दोन. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून चॅसीवरच्या अर्थिंगच्या पट्टीवर पडत होतं, पट्टी हिरवी होऊन आतून खलास झालेली. जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट ब्लॉकला लावली आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये उठली. इंजिनच सावकाश फिरत असेल तर पंपाला फेरे कुठून मिळणार आणि प्रेशर कुठून बनणार? साधारण २०० ते २५० बार प्रेशर झाल्याशिवाय इंजेक्टर उघडायचा हुकूमच सुटत नाही. ही केबल लावायला पाच मिनिटं लागतात. मासळी आणि मिठागराकडच्या गाड्यांना तर मी स्कॅनर लावायच्या आधी केबल लावतो.

तुम्ही म्हणाल, एक गाडी सापडली म्हणून नियम झाला का. मग दुसरी सांगतो, जी मी आजवर लिहिली नव्हती, कारण तिच्यात गाढव मीच आहे.

वाशी मार्केटमधून भाजी उचलणारी पिकअप. पहाटे एका सेल्फमध्ये चालू, मुलुंडला माल उतरवून परत सेल्फ मारला की उठत नाही. तासभर थांबलं की पुन्हा उठते. कोड तोच. मी तेव्हा तुमच्यासारखाच विचार केला आणि पंप बदलला, तोही उधारीवर आणून. गाडी दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. फोनवर तो काय बोलला ते इथे लिहिता येणार नाही. गाडी गरम झाल्यावरच अडते, ही खूण माझ्यासमोर होती. डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरच्या आतून रिटर्नला पळतं. थंड असताना जेमतेम प्रेशर टिकतं, गरम असताना नाही. चार बाटल्या लावल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं. जुना पंप धडधाकट होता. नव्या पंपाचे पैसे मी सोसले, आणि पंपाचा भाव पाच आकडी असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

बाटल्यांची पद्धत बऱ्याच जणांनी विचारली होती, म्हणून इथेच लिहितो. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढायचे, प्रत्येकाला सलाइनची स्वच्छ नळी लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायची. मूळ रिटर्नच्या पाइपचं तोंड बूच मारून बंद. गाडी चालू होत असेल तर आयडलवर दोन-तीन मिनिटं ठेवायची. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली, तर चोर तोच. चालूच होत नसेल तर दहा-बारा सेकंद सेल्फ मारायचा. एवढ्यात चांगला इंजेक्टर थेंब-दोन थेंब सोडेल, गेलेला धार लावेल. पिएझो इंजेक्टर (कॉइलऐवजी पिएझो क्रिस्टलने उघडणारे) असतील तर हे करू नका, त्यांच्या रिटर्नमध्ये थोडं प्रेशर राहावं लागतं. चारही बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या, तर इंजेक्टर सुटले. मग फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळी टाकून बुडबुडे दिसतात का ते बघायचं. बुडबुडे नाहीत, फिल्टर मोकळा, पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह साफ, रेलच्या टोकाच्या लिमिटर व्हॉल्व्हमधून (प्रेशर फार वाढलं तर सोडणारा) गळती नाही, तर पंप बदला, मी स्वतः येऊन पाना धरतो.

नवा इंजेक्टर टाकलात तर खालचा तांब्याचा वॉशर नवाच टाका, आणि इंजेक्टरवर छापलेला कोड स्कॅनरने इसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरा. तो न भरल्यामुळे 'नवीन इंजेक्टर टाकून पण खडखड जात नाही' म्हणत आलेल्या गाड्या मी बघितल्यात.

यात वेळ किती जातो? केबल पाच मिनिटं. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम आणि रेल प्रेशर बघायला दहा (आरपीएम शून्य दिसला तर इंजिनचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर बघा, तिथेच थांबा). बाटल्या लावून काढायला वीस-पंचवीस. म्हणजे फार तर पाऊण तास. हप्त्याचं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. रात्री दोनला मार्केटच्या गेटवर भरलेली गाडी उभी आणि मालक डोक्यावर, तिथे बाटल्या कुठे लावत बसणार. आणि तुमच्याकडे खात्रीचा चालू रेल सेन्सर पेटीत असेल, तर तो बदलून बघणं हीसुद्धा तपासणीच आहे. फरक एवढाच, की त्यात गिऱ्हाइकाचे पैसे लागत नाहीत.

नट ढिले करण्याच्या सल्ल्याला मात्र मी हात जोडतो, तो मागे घ्या. माझे वडीलसुद्धा तसंच मिसिंग काढायचे. एकेक नट अर्धा आटा ढिला करायचा, ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही तो मेलेला. पण ती जुन्या पंपाची इंजिनं, नोझल साधारण १२० ते २०० बारला उघडायचे आणि तेही ठोक्या-ठोक्याने. आजच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकच रेल) आयडललाच २५० ते ४०० बार सतत भरलेले असतात, लोडवर १६०० आणि त्याच्याही वर. त्या धारेपुढे हातमोजा म्हणजे कागद. डिझेल कातडीखाली शिरतं, जखम सुई टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फार, आणि आतून मांस सडतं. असं झालं तर हळद-मलम करत न बसता लगेच मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि प्रेशरने डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. गाडी बंद केल्यावरही पाइपला पाना लावायच्या आधी काही मिनिटं थांबा. मिसिंग काढायला स्कॅनरमधूनच एकेक सिलिंडर बंद करता येतो.

डीपीएफ फोडण्याचं. गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू आहे, फिल्टर काढलेली गाडी कायद्याने चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मला दुसरीच काळजी आहे. फिल्टर कशामुळे चोंदला, हे कुणी विचारत नाही. दादर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट असं दिवसभर रांगत फिरणाऱ्या गाडीचा धूर कधी तापतच नाही, आणि काजळी जाळायला फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास लागतं. अशा गाडीला ठाण्याच्या पुढे हायवेला अर्धा तास एका गतीने पळवलं की बऱ्याचदा डॅशबोर्डवरचा फिल्टरचा दिवा विझतो. तरीही आठवड्यात परत चोंदला, तर काजळी जास्त बनतेय : इंजेक्टर टपकतोय, टर्बो तेल पाजतोय किंवा इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) होज खालच्या बाजूने फाटलाय. (हा होज वरून नेहमी छान दिसतो. हात खाली घाला, तेलाने ओला लागला की समजायचं.) डिपस्टिकही काढून बघा. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमुळे (गाडीने स्वतःच फिल्टरमधली काजळी जाळणं) डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल वर चढते, मालक खूश होतो की गाडी तेल खात नाही, आणि बेअरिंग जातात. फिल्टर फोडला की यातलं काहीच दुरुस्त होत नाही, फक्त दिवा बंद.

चोर ठरवल्याचं वाचून मला वाईट वाटलं. मी कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत, वडिलांच्या हाताखाली शिकलो. ते स्क्रूड्रायव्हरचं पातं ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचे, आणि मी ते अजूनही करतो. इंजेक्टरच्या बुडातून चुकचुक आवाज येतोय हे कोड सांगत नाही, कान सांगतो. ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधून खाली गळून येणारा गॅस) किती मारतंय त्यावरून इंजिन बांधायला आलंय का, हे तुम्ही नजरेनेच ओळखत असाल. तुमच्या कानावर माझा स्कॅनरपेक्षा जास्त विश्वास आहे. 'कोड आहे ना, बदला' असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा तुमचा हा कान कुठे गेला, एवढंच मला कळेना.

हीटर प्लग (थंड इंजिन उठावं म्हणून सिलिंडर तापवणारे) मुंबईत हवेत कशाला, हा तुमचा टोमणा आवडला. मुंबईत चारही मेलेले असले तरी बहुतेक गाड्या उठतात. मालकाला कळतं ते जानेवारीत नाशिकला मुक्काम पडल्यावर.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. 'मानखुर्दला माझ्याकडे एक पिकअप तीन दिवस उभी आहे, पंप नवीन टाकला, कोड तोच,' असं तुम्ही लिहिलंय, जरा रागातच. ती थंड असताना उठते का? सेल्फ मारताना आरपीएम किती दिसतो, आणि रेल प्रेशर किती बारपर्यंत चढून थांबतं? जुना पंप काढला तेव्हा फिल्टरमध्ये चमकी, म्हणजे धातूची भुकटी होती का? असेल तर नुसता पंप बदलून भागणार नाही, टाकीपासून रेलपर्यंत सगळं धुवावं लागेल, इंजेक्टरही तपासायला पाठवावे लागतील, नाहीतर हा पंपही जाईल. भुकटी नसेल तर जुना पंप भंगारात देऊ नका अजून. बाटल्या लावा आणि आकडे इथेच लिहा. सलाइनच्या नळ्या नसतील तर माझ्याकडे दोन सेट पडून आहेत, उद्या पोऱ्या वाशीला स्पेअर आणायला जाणार आहे, जाता जाता तुमच्याकडे देऊन जाईल.