घोडेवाल्याचं नाव

सकाळी फॅमिली ग्रुपवर आमच्या दादाने (आतेभाऊ) फर्मान काढलं : काश्मीरला जाणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे, आपला एक रुपया तिकडे जाता कामा नये. खाली अकरा अंगठे. मी तिथे गप्प बसले, पुढच्या महिन्यात त्याच्याच मुलीचं लग्न आहे. म्हणून इथे लिहितेय.

२०२३च्या मे महिन्यात आईला घेऊन पहलगामला गेले होते. तिथून वर बैसरनच्या कुरणाला गाडी जात नाही, घोड्यावरून जायचं. आई ७१ वर्षांची, गुडघे कामातून गेलेले. नुसता चिखल. घोडा जरा घसरला की हिचं "स्वामी समर्थ, स्वामी समर्थ" सुरू. घोडेवाला पंचविशीतला असेल. अख्खा चढ त्याने एका हातात लगाम आणि दुसऱ्या हाताने आईचं पाऊल रिकिबीत दाबून धरलं होतं. "अम्मा, नीचे मत देखो, मेरी तरफ देखो."

२२ एप्रिल २०२५ला त्याच बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली. धर्म विचारून. सहा जण महाराष्ट्रातले, त्यातले तिघे डोंबिवलीचे. आमच्या कल्याणपासून दोन स्टेशनं. त्या घरांतलं कुणी म्हणालं की काश्मीरचं नाव काढू नका, तर मी मान खाली घालून ऐकेन. दादाचं का ऐकू? माथेरानच्या पलीकडे गेलेला नाही तो!

त्या २६ जणांत एक घोडेवालाही होता, सय्यद आदिल हुसेन शाह. त्याचा फोटो टीव्हीवर आला तेव्हा मी उठून अगदी पडद्याजवळ गेले. आमचाच का हा? नव्हता. आमच्याच्या भुवईवर व्रण होता. पण चेहरा असा निरखत बसावं लागलं, कारण मला त्याचं नावच ठाऊक नव्हतं. आईचं पाऊल इतका वेळ त्याच्या हातात, आणि मी विचारलंसुद्धा नाही.

आता लिहायलाच बसलेय तर सगळं लिहिते. खाली उतरल्यावर त्याने चहापाण्याचे दोनशे मागितले. मी अंगावर गेले. "ठरले तेवढेच मिलेंगे," अशा माझ्या दिव्य हिंदीत. तो काही बोलला नाही. खोगिराचा पट्टा आवळला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला. त्याच संध्याकाळी मी सातशेची शाल घेतली, कपाटात पडून आहे.

म्हणून भाषणांतलं ते "पर्यटनाने मनं जुळतात" ऐकलं की मला हसू येतं. कशी जुळणार? आमच्या टूरबरोबर आमचेच महाराज, श्रीनगरात पुरणपोळी. सात दिवसांत एका काश्मिरी घरचं पाणी प्यायलो नाही. शिकारेवाले "ताई, केशर घ्या" इतकं मराठी शिकले, आम्ही मात्र "शुक्रिया"च्या पुढे गेलो नाही.

तरीही हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी खोऱ्यात लोकांनी बंद पाळला, मशिदींतून निषेध झाला. धंदा बुडेल म्हणून, असं म्हणाल. असेल. आपल्या दूधवाल्याशी आपलं दुसरं काय नातं असतं? पण तो दोन दिवस आला नाही तर चौकशी करतोच ना आपण.

"आणि काश्मिरी पंडितांचं काय?" कमेंटमध्ये हे येणार, आणि ते बरोबरच आहे. माझी एक कॉलेजची मैत्रीण १९९०मध्ये घर सोडून आलेल्यांपैकी. काही वर्षांपूर्वी अनंतनागला गेली आणि स्वतःच्या गावात हॉटेलची खोली घेऊन राहिली. जुन्या शेजारणीने गळ्यात पडून रडत तिला पिशवीभर अक्रोड दिले. ते तिने घेतले. घर मात्र बघायला गेली नाही. कशाला, म्हणाली. याला समेट म्हणायचं का, मला सांगता येणार नाही. अक्रोड मीही खाल्ले त्यातले.

हे सगळं आत्ता आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "अगं, मला सांगितलं होतं त्याने नाव. तू फोटो काढत होतीस." मग काय होतं? तर आठवेना. तेव्हापासून खिडकीत बसून पुटपुटतेय. र वरून काहीतरी होतं म्हणे.