लेन्स जोडलेली नाही

माणसाला निसर्गाची आवड असावी, छायाचित्रणाची असावी आणि जुन्या वस्तूंचीही असावी. पण या तिन्ही आवडी एकाच माणसात, एकाच वेळी आणि बीड जिल्ह्यात असू नयेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. माझ्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर हेलिऑस ४४-२ ही सोव्हिएत काळातील लेन्स चढल्यापासून माझ्या संग्रहात पक्ष्यांची छायाचित्रे घटत आणि दगडांची वाढत चालली आहेत.

जर्मनीतील कार्ल झाइसच्या ‘बायोटार’ या रचनेवरून रशियन मंडळींनी ही लेन्स बेतली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती वर्षानुवर्षे विकली. माझ्याकडची लेन्स मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यातली आहे. ५८ मिलिमीटर फोकल लेंग्थ (म्हणजे दूरचे जवळ आणण्याची ताकद), एफ २ अपर्चर (म्हणजे प्रकाश आत घेणारे, लहान-मोठे होणारे छिद्र), ते मिटवणारी आत आठ पाती आणि बाहेर सगळा धातू. तिच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक ७८ आहेत आणि त्या कारखान्याच्या पद्धतीप्रमाणे ते उत्पादनाचे वर्ष सांगतात. म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि वागतानाही हा मोठेपणा विसरत नाही.

तिचा लौकिक आहे तो भोवऱ्याचा. मागे पानांची दाटी असली की ती पाने वस्तूभोवती गरगर फिरत असल्यासारखी उमटतात, आणि या गरगरण्यावर जगभरचे हौशी लोक भाळलेले आहेत. मीही त्याच भोवऱ्यासाठी तिला घरी आणले. मात्र हा भोवरा चौकटीच्या कडांना असतो आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रतिमा टिपणारा तुकडा, लहान असल्यामुळे नेमक्या त्या कडाच कापल्या जातात. लेन्स भोवरा काढते, तो सेन्सरच्या बाहेर पडतो, आणि मला मधला शांत भाग मिळतो, जो कोणत्याही स्वस्त लेन्सने मिळाला असता.

लेन्स कॅमेऱ्याला लावणे हाही एक विधी आहे. तिला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे आहेत आणि फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतरावर बसावे, अशी तिची घडण आहे. मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर पुष्कळ कमी असल्यामुळे मधली जागा भरून काढायला ॲडॉप्टर नावाची पोकळ नळी पुरते. मात्र या नळीतून विजेचा एकही निरोप जात नाही. त्यामुळे अर्धा किलो वजनाचे यंत्र हातात धरून मी बटण दाबतो, तेव्हा कॅमेरा पडद्यावर शांतपणे जाहीर करतो, ‘लेन्स जोडलेली नाही.’ मेनूच्या तळाशी लपलेली ‘लेन्सशिवाय शटर’ ही परवानगी दिल्यावर तो काम करू लागतो, पण मनातून मानत नाही. प्रत्येक छायाचित्राच्या नोंदीत अपर्चर शून्य आणि लेन्सचे नाव कोरे असते. सरकारी भाषेत सांगायचे तर माझे सगळे छायाचित्रण अनधिकृत आहे.

यापुढचे सगळे माझ्या बोटांवर. या लेन्सला अपर्चरसाठी दोन कडी आहेत. पहिल्या कड्याने किती बंद करायचे ते ठरवायचे, दुसऱ्याने ते प्रत्यक्ष उघडायचे आणि मिटायचे. दुसरे कडे उघडायचे, तिसरे म्हणजे फोकसचे कडे फिरवायचे, पुन्हा दुसरे मिटायचे, आणि मग शटर. झेनिट हाती धरणाऱ्या छायाचित्रकारांना हे अंगवळणी पडले असणार, आणि त्यांच्याकडचे पक्षीही बहुधा समजूतदार असावेत. आमच्याकडचा कोतवाल तारेवर बसतो, तो माझे दुसरे कडे मिटण्याच्या आत खांब बदलतो.

वेड्या राघूबद्दल मात्र मला आशा होती. हा पक्षी हवेत झेपावतो, माशी पकडतो आणि पुष्कळदा त्याच काटकीवर परत येतो. म्हणून काटकीवर आधीच फोकस करून वाट पाहायची, अशी जुनी युक्ती आहे. मी पांदीच्या कडेला बाभळीच्या सावलीत बसून एका काटकीवर असा फोकस केला, की तिच्यावरची मुंगीसुद्धा मोजता यावी. राघू परत आला तो शेजारच्या काटकीवर. मी फोकस शेजारी नेला, तो मूळ काटकीवर गेला. जाताना त्याने माझ्या डोक्यावरची माशी नेली, एवढी मदत झाली.

फोकस बरोबर जमला आहे की नाही हे सांगायला कॅमेऱ्यात पीकिंग नावाची सोय असते. स्पष्ट दिसणाऱ्या कडांवर तो लाल रंग भरतो. ज्याने ही सोय शोधली त्याने दिवाळीनंतरचे मराठवाड्यातील माळरान पाहिलेले नसावे. तिथे वाळलेल्या कुसळी गवताचे पाते न् पाते उन्हात चकाकते, त्यामुळे सगळी चौकट लालेलाल होते, आणि त्या गवतात बसलेला मातकट चंडोल तेवढा कोरा राहतो. प्रतिमा मोठी करून पाहावी, तर मोठ्या केलेल्या भागात चंडोल सापडत नाही. आणि सापडेपर्यंत विजारीत शिरलेली कुसळे आपले अस्तित्व दाखवू लागतात.

मग मी फुलांकडे वळलो, कारण फुले उडून जात नाहीत. पण बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. अर्ध्या मीटरवरून, अपर्चर पूर्ण उघडे असताना, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. त्या पट्ट्यात तरवडाचे फूल आणायचे, तर ते वाऱ्याने हातभर डोलते. वारा थांबला तर मी श्वास घेतो आणि स्वतःच डोलतो. नायगावच्या अभयारण्यातील मोरांविषयी न बोललेलेच बरे. ५८ मिलिमीटरमधून दिसलेला मोर इतका लहान येतो, की पाहणाऱ्याला तो आधी दाखवावा लागतो आणि नंतर पटवावा लागतो.

पण या सगळ्यांहून कठीण संकट दोन पायांचे असते. स्वयंचलित लेन्सवाला माणूस क्षणात फोटो काढून वाटेला लागतो. मी एकाच जागी उकिडवा बसून कडी फिरवत राहतो, आणि शिवारात जो माणूस पिकाजवळ कॅमेरा घेऊन बराच वेळ बसतो तो पीकविम्याचाच असतो, अशी लोकांची खात्री आहे. एका बांधावर रुईच्या पानावरची पट्टेरी अळी टिपत असताना मागून आवाज आला.

“साहेब, इकडं काय करायलात? पाणी साचलंय तिकडं, खालच्या पट्टीत.”

“मामा, मी विम्याचा नाही. अळीचा फोटो काढतोय.”

“अळीचाच काढा की. आमच्या सोयाबीनवर मायंदाळ हाय.”

त्यांच्यामागोमाग आणखी दोघे आले. नकार देणे मला जमले नाही आणि त्यांना ते ऐकूही आले नसते. मी खालच्या पट्टीत गेलो आणि पाण्यात आडव्या पडलेल्या सोयाबीनचे फोटो काढले. खरे सांगायचे तर ते उत्तम आले, कारण ते पीक अजिबात हलत नव्हते. पण हे तिथे बोलण्यासारखे नव्हते. मामांनी पडदा पाहिला आणि मुद्द्याचे विचारले, “यात अक्षांश-रेखांश येतेत का?”

अक्षांश-रेखांश सोडाच, त्यात लेन्ससुद्धा येत नाही. शेवटी त्यांच्या मुलाने मोबाइल काढला आणि माझे काम होते त्याच्या कितीतरी कमी वेळात सगळ्या शिवाराची पाहणी झाली.

एवढ्यावर शहाण्या माणसाने थांबावे. पण जुन्या लेन्स एकट्या राहत नाहीत. मध्यंतरी एक सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ घरात आली. हिच्या एका काचेत थोरियम मिसळलेले आहे. काचेची प्रकाश वाकवण्याची ताकद वाढावी म्हणून त्या काळी तसे करत. पण त्या थोरियमच्या किरणोत्सर्गाने काच दशकांनंतर पिवळट पडते. लेन्स कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात धोका नगण्य मानला जातो, आणि पिवळेपणावर नेहमीचा उपाय म्हणजे अतिनील किरण. मराठवाड्याकडे पाणी नसेल, पण हा माल विपुल आहे. थंड देशांतले लोक यासाठी खास दिवे विकत घेतात, हे वाचून आयुष्यात प्रथमच मला आमच्या मे महिन्याचा अभिमान वाटला.

गच्चीवर त्या दिवसांत आईचे वाळवण असते. मी टाकुमार ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवली, तेव्हा तिने दोन प्रश्न विचारले. पहिला, हे काय आहे. आणि थोरियम ऐकल्यावर दुसरा, हे माझ्या कुरडयांपासून चार हात लांब का नाही. लेन्स पाण्याच्या टाकीपाशी गेली. तिच्यातून ऊन एकवटून काही पेटू नये म्हणून कोणीतरी जवळ बसणे भागच होते, तेव्हा जोडीने कुरडयाही राखाव्यात, असा हुकूम झाला. मी हेलिऑस लावलेला कॅमेरा घेऊन टाकीच्या सावलीत बसलो.

कावळा थोड्याच वेळात आला आणि त्याने एक कुरडई धरली. ती अर्धवट ओली असल्यामुळे चादरीला चिकटली होती. तो ओढत राहिला, ती सुटेना, आणि तो तिला सोडून जाईना. पाच-सहा हातांवर, भर उन्हात, एका जागी खिळलेला पक्षी मी या लेन्समधून प्रथमच पाहत होतो. मी दुसरे कडे उघडले, त्याच्या डोळ्यावर फोकस आणला, कडे मिटले, आणि पीकिंगने डोळ्याभोवती बारीक लाल कड दाखवल्यावर शटर दाबले. त्यानंतर कुरडई सुटली.

फोटो मी आईला मोठा करून दाखवला. कावळ्याच्या डोळ्यातली चमक आणि चोचीवरची धूळ तिने पाहिली, पण तिचे लक्ष कुरडईवर होते.

“मधून ओलीच हाय की अजून,” ती म्हणाली. “अन् तो ओढत होता तवर तू काय करत होतास?”

मी दोन कड्यांची पद्धत सांगायला सुरुवात केली. ती पूर्ण होण्याआधीच ती चादर उलटवायला निघून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून राखणीला शेजारचा शाळकरी मुलगा गलोल घेऊन बसू लागला.