'ऑरेंज'ला यमक नाही म्हणे!

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड नव्याने फिरायला लागतो. 'तुम्हाला माहीत आहे का?' अशी सुरुवात आणि खाली मजकूर: इंग्रजीत ऑरेंज, मंथ, सिल्व्हर आणि पर्पल या चारच शब्दांना यमक नाही, अख्खी डिक्शनरी पालथी घातली तरी जुळणारा शब्द मिळणार नाही. पुढे ढकलणारे त्याला आपापली शेपटं जोडतात. कुणी लिहितं, शेक्सपियरलाही जमलं नाही. कुणी लिहितं, यमकांची अशी बोंब म्हणूनच इंग्रज कवी मुक्तछंदाकडे वळले. मग 'त्यापेक्षा आमचे मोरोपंत बघा' हे ओघाने येतंच. मोरोपंतांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ओठ न मिटता म्हणता येईल असं 'निरोष्ठ रामायण' रचणारा माणूस 'ऑरेंज'पाशी थोडाच अडला असता! पण बाकीच्या गोष्टी एकेक करून तपासायला हव्यात.

'चारच शब्द' हे आधी निकालात काढू, त्याला वेळ लागत नाही. वुल्फ घ्या, डेप्थ घ्या, नाइन्थ, ट्वेल्फ्थ, सिक्स्थ घ्या आणि यांना अस्सल यमक शोधून दाखवा. 'वेअरवुल्फ' चालणार नाही, कारण त्यात तोच शब्द पुन्हा आलाय. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी व्यंजनं एकमेकांच्या उरावर बसतात, आणि जिथे अशी दाटी होते तिथे जोडीदार मिळणं कठीण. असे शब्द ढिगाने आहेत. या चौघांचंच नाव का झालं, याचं माझ्या मते साधं कारण आहे: चारातले तीन रंग आहेत, आणि रंग लक्षात राहतात. 'ट्वेल्फ्थ'वर कोण फॉरवर्ड करणार?

आता 'एकही शब्द मिळणार नाही'. इथे जरा थांबावं लागेल, कारण खरी गंमत इथे आहे.

इंग्रजीत पक्कं यमक कशाला म्हणतात? ज्या स्वरावर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, आहे तिथपासून शब्दाच्या शेवटापर्यंत सगळं सारखं हवं आणि त्या स्वराआधीचा आवाज वेगळा हवा. 'ऑरेंज'चा आघात पहिल्याच 'ऑ'वर आहे. त्यामुळे नुसतं शेवटचं 'रेंज' जुळून भागत नाही, शब्द पहिल्यापासून जुळावा लागतो. 'मिलियन्थ' हा शब्द 'मंथ'शी जुळत नाही तोही याच नियमाने, कारण त्याचा आघात 'मि'वर आहे. नियम कडक आहे खरा, पण त्यातूनही माणसं निसटली आहेत.

वेल्समध्ये ॲबरगॅव्हेनी गावाच्या डोक्यावर एक डोंगर आहे, ५५० मीटरांहून थोडा उंच. त्याचं नाव ब्लॉरेंज. 'ऑरेंज'च्या आधी फक्त 'ब्ल' लागला, म्हणजे कडक नियमानेही पैकीच्या पैकी गुण. दुसरा साक्षीदार अमेरिकन नौदलातला अधिकारी, हेन्री हनीचर्च गॉरिंज. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून २०० टनांहून जड असा एकसंध दगडी स्तंभ आगबोटीत घालून न्यूयॉर्कला आणायचं काम त्याने केलं, आणि जानेवारी १८८१ मध्ये तो सेंट्रल पार्कात उभा राहिला. आजही तिथेच आहे. आर्थर गिटरमन या विनोदी कवीने पुढे त्याच्यावर चार ओळी लिहिल्या. स्तंभ आणणारा शूर कमांडर स्पार्कहिलला चिरनिद्रा घेतोय, असं सांगता सांगता शेवटच्या दोन ओळींत कवी म्हणतो की फार दिवस शोधत असलेलं 'ऑरेंज'चं यमक याच माणसाच्या आडनावाने पुरवलं. बिचाऱ्याने एवढा दगड समुद्रापार नेला आणि नाव राहिलं ते यमकासाठी.

'सिल्व्हर'ला 'चिल्व्हर' आहे, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. शब्द जुना आणि बोलीतला, पण डिक्शनरीत आहे. 'पर्पल'ला दोन आहेत आणि दोन्ही स्कॉटलंडकडचे: 'हर्पल' म्हणजे लंगडत चालणं आणि 'कर्पल' म्हणजे पुठ्ठे, ढुंगण. यातला 'कर्पल' रॉबर्ट बर्न्सने १७८७ साली एका पद्यपत्रात बेधडक वापरलाय. एका बाईंनी त्याला चौकटींचं घोंगडं देऊ केलं होतं. त्यावर त्याचं उत्तर असं, की तुमचं ते घोंगडं माझ्या कर्पलवरून लोंबायला लागलं की मला जो ताठा चढेल, तो राजेशाही पर्पलनेही चढायचा नाही. जे यमक जगात नाही म्हणून आज फॉरवर्ड फिरतो, ते सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका शेतकरी कवीने आभाराच्या पत्रात उडवून लावलं होतं!

यावर हमखास प्रश्न येतो: हे कसले शब्द? डोंगराचं नाव, आडनाव, मेंढपाळांचा शब्द. रोज कोण बोलतं हे? हरकत रास्त आहे. पण मग दावाच बदलला. 'रोजच्या वापरात सोयीचं यमक नाही' असं म्हणा, मी मान डोलावेन. 'अख्ख्या डिक्शनरीत नाही' असं ठोकून द्यायचं आणि कुणी डिक्शनरी उघडून दाखवली की 'असले शब्द धरायचे नाहीत' म्हणायचं, हे चालणार नाही.

चौघांत खरा आडमुठा 'मंथ' आहे. गणितवाले '(n+1)वा' या अर्थाने 'एन प्लस वन्थ' म्हणतात, ते त्याला जुळतं. पण त्यांच्यातलेही बरेच 'एन प्लस फर्स्ट' म्हणून मोकळे होतात. क्रिस्टिना रोझेटीने मुलांच्या कवितेत महिन्याचे आठवडे मोजताना 'रनेथ' या जुन्या क्रियापदाचा मधला स्वर गिळून 'रन्थ' केलं आणि वेळ मारून नेली. एवढ्या कसलेल्या कवयित्रीला ही पळवाट काढावी लागली, यातच सगळं आलं.

शेक्सपियरचं म्हणाल, तर त्याने प्रयत्न केला आणि हरला याचा कुठे मागमूस नाही. 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये भर लग्नमंडपात क्लॉडिओ नवरीला तिच्या बापाकडे परत ढकलताना तिला सडकं ऑरेंज म्हणतो. तो संवाद निर्यमक पद्यात आहे. शब्द ओळीच्या मधोमध बसलाय, जुळवायची वेळच आलेली नाही.

शेवटचं शेपूट जास्त गंभीर आहे: यमकं मिळेनात म्हणून इंग्रजांनी यमक सोडलं. यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवं. इंग्रजीत यमकांची टंचाई आहेच. खुद्द चॉसर, म्हणजे १४०० साली वारलेला माणूस, फ्रेंचवरून कविता बेतताना इंग्रजीतल्या या टंचाईबद्दल कुरकुरला आहे. इटालियन शब्द बहुतेक स्वरांत संपतात, त्यामुळे तिथे यमकांचा सुकाळ. इटालियन सुनीताच्या, म्हणजे सॉनेटच्या, १४ ओळी चार-पाच यमकांत भागतात. तेच सुनीत इंग्रजीत आल्यावर शेक्सपियरच्या घाटात सात यमकं वापरायची मुभा मिळाली. टंचाई होती म्हणून त्यांनी घाट सैल केला, यमक नाही टाकलं.

आणि ज्यांनी टाकलं त्यांची कारणं निराळी होती. मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट' यमकाशिवाय लिहिलं आणि वर खुलासा जोडला, की होमर-व्हर्जिलनेही यमक वापरलेलं नाही, यमक ही रानटी युगाची करामत आहे. मिळत नाही म्हणून रडणाऱ्याचा हा सूर नव्हे. शिवाय ते मुक्तछंदही नव्हे. वृत्त पक्कं आहे, फक्त ओळींची टोकं जुळत नाहीत. मुक्तछंद त्यानंतर दोन शतकांनी आला.

टंचाईच दाखवायची असेल तर 'ऑरेंज' कशाला, 'लव्ह' दाखवा. इंग्रजी कवितेला ज्याची सगळ्यात जास्त गरज, त्या शब्दाला डव्ह, ग्लव्ह, शव्ह, अबव्ह अशी मूठभर यमकं. म्हणून त्यांच्या प्रेमकवितेत ऊठसूट पारवे उडतात, हातमोजे पडतात आणि वर आकाश असतं. 'मूव्ह' आणि 'प्रूव्ह'शीही 'लव्ह' जुळवतात, पण ते आज फक्त डोळ्यांना जुळतं: स्पेलिंगचा शेवट सारखा, उच्चार वेगळा.

म्हणजे 'यमक नाही' हे वाक्य कुणाच्या उच्चारात आणि कुठल्या नियमाने, हे सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं. अमेरिकेत कित्येकजण 'ऑरेंज' जवळपास एकाच झटक्यात 'ऑर्न्ज' असं उच्चारतात. रॅपर एमिनेमने २०१० साली टीव्हीवरच्या एका मुलाखतीत हाच दावा खोडून काढला. शब्द तोडून, घोळवून म्हटला तर फोर-इंच, डोअर हिंज, स्टोरेज, पॉरिज, जॉर्ज सगळे त्याला जुळतात, असं म्हणत त्याने तिथल्या तिथे करून दाखवलं. व्याकरणाच्या मास्तरांना 'डोअर हिंज' पटणार नाही. पण रॅप कानाने ऐकतात, फूटपट्टीने मोजत नाहीत.

आणि आपला कान तर तिसराच. मराठीत यमक आघातावर ठरत नाही, शेवटचं अक्षर आणि त्याआधीचा स्वर जुळला की आपलं काम होतं. शिवाय आपण इंग्रजांसारखं 'ऑरिंज' म्हणत नाही, सणसणीत 'ऑरेंज' म्हणतो. त्यामुळे चेंज, रेंज, एक्स्चेंज सगळे हात जोडून उभे:

ब्लॉरेंजवरती मिळेना रेंज,
सोलत बसलो एकच ऑरेंज.

इंग्रजांना छळणारा 'मंथ' तर आपल्याकडे सगळ्यात सोपा. ग्रंथ, पंथ, संथ घरचेच आहेत:

सरला पगार, उरला मंथ,
एकवीस तारीख, घड्याळ संथ.

'पर्पल'ला 'सर्कल' आपल्या नियमाने जेमतेम पास होतं. 'सिल्व्हर'ला 'रिव्हर' धकवून न्यावं की नाही, यावर मात्र वाद घालायला मी तयार आहे.