बाहेरच्या गॅरेजला गाडी टाकली की क्लेम बुडतो म्हणे!

‘गाडीचा इन्शुरन्स असणाऱ्या प्रत्येकानं वाचा, सरकारचा नवा नियम’ असा एक मेसेज परभणी-नांदेडकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. खाली कुणाचं नाव नाही, नियमाचा नंबर नाही, तारीख नाही. मी सोडूनच दिला असता, पण माझ्या मामानं तो खरा धरला आणि गंगाखेड रोडवर उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली गाडी सर्व्हे (कंपनीनं नेमलेल्या सर्व्हेअरनं केलेली नुकसानीची पाहणी) व्हायच्या आधीच उघडून मोकळा झाला. (ट्रॉलीला मागं ना लाईट ना रेडियम, पण ते रडगाणं वेगळं.) मी गॅरेजवर क्लेमच्या फायली बघतो. घरातच माणूस असताना मामा विचारतो कुणाला, तर व्हॉट्सॲपला.

मेसेजमध्ये काय काय आहे ते आधी सांगतो. एक, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं तर क्लेम कायद्यानंच रद्द होतो, शोरूमलाच जावं लागतं. दोन, सर्व्हेअर पैसे कापायलाच येतो म्हणून तो यायच्या आत काम उरका, फोटो काढा, बिल लावा. तीन, कॅशलेस (बिलाचे पैसे कंपनी परस्पर गॅरेजला देते ते) म्हणजे खिशातून एक रुपया जात नाही. चार, एकदा क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) कायमचा गेला. पाच, बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला की वॉरंटी संपली. आणि सहा, एफआयआर नसेल तर क्लेमच नाही.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण खरं नुकसान त्यानंच व्हायलंय. अहो, तुमच्या पॉलिसीचं जे लांबलचक पीडीएफ मेलवर येतं आणि कुणी उघडत नाही, त्याच्या पहिल्याच भागात लिहिलेलं असतं की कंपनीला न विचारता स्वतःच्या मर्जीनं दुरुस्ती सुरू करता येते ती फक्त 500 रुपयांपर्यंतची, आणि त्याचंही एस्टिमेट लगेच कंपनीला द्यायचं. पाचशे रुपये! त्यात आजकाल धड एक साईडचा आरसा येत नाही. ही वाक्यं 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफ या गाडीच्या विम्याच्या देशभरच्या नियमावलीतली आहेत आणि आजही खाजगी गाडीच्या पॉलिसीत सर्रास तशीच छापून येतात. म्हणजे मेसेजवाला जे करा म्हणतो, नेमकं तेच करू नका असं पॉलिसी म्हणते.

सर्व्हे म्हणजे काय हे ज्यानं बघितलं नाही तोच असलं लिहू शकतो. सर्व्हेअर येतो, चेसिस नंबर जुळवतो, मीटरचा फोटो घेतो, आरसी आणि लायसन्स बघतो, मग त्याच्यासमोर बंपर खाली उतरतो. बाहेरून नुसता बंपर फुटलेला दिसत असतो, उतरवल्यावर कळतं की आतला रेडिएटर सपोर्ट वाकलाय, कंडेन्सरला बारीक चीर गेलीय, हेडलाईटचा कान मोडलाय. एस्टिमेटच्या एकेका ओळीपुढं तो पेनानं लिहीत जातो, हे बदला, हे ठोकून सरळ करा, हे जुनं आहे या अपघातातलं नाही. काम झालं की परत बघायला येतो आणि काढलेले जुने पार्ट मागतो. मामाच्या गाडीचा कंडेन्सर मिस्त्रीनं बदलला आणि जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. सर्व्हेअर म्हणला जुना दाखवा. काय दाखवणार, मोबाईलमधला अंधुक फोटो? तेवढी ओळ कापली गेली, आता मामा गावभर सांगायलाय की इन्शुरन्स कंपन्या चोर आहेत.

आता यातलं अर्धं खरं काय तेही सांगतो, नाहीतर म्हणाल कंपनीचा माणूस दिसतो. सर्व्हेअरला परवाना आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, देतं पण त्याची फी इन्शुरन्स कंपनी देते, आणि जिथं पार्ट बदलायलाच पाहिजे तिथं ‘ठोका’ लिहिणारे सर्व्हेअर मी रोज बघतो. पण त्याच्याशी भांडायला तुटका पार्ट समोर पाहिजे ना! तुटका पार्ट हातात धरून मिस्त्री म्हणतो, साहेब हा वेल्डिंगला धरणार नाही, बघा, आणि मग कित्येकदा तो ‘ठोका’ खोडून ‘बदला’ लिहितो. गाडी आधीच चकाचक करून ठेवली तर भांडणार कशावर? आणि सर्व्हेअर येतच नाही म्हणून काम सुरू केलं, हेही कारण चालत नाही. जून 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकात मुदती दिलेल्या आहेत, कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा, रिपोर्टनंतर 7 दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. म्हणून धडक झाली की आधी कंपनीला फोन, क्लेम नंबर घ्या, मग मिस्त्रीला. आणि कूलंट गळत असताना गाडी दामटत घरी आणू नका, त्यानं वाढलेलं नुकसान तुमच्याच डोक्यावर, हेसुद्धा पॉलिसीत आहे.

आता शोरूमचं. त्याच पॉलिसीत आहे की अपघातात गाडी जागेवर बसली तर ती सगळ्यात जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याकडं टोचन करून न्यायचा वाजवी खर्च कंपनी देईल, 1500 रुपयांपर्यंत. जवळच्या, असं लिहिलंय. शोरूमच्या, असं नाही. गंगाखेडात गाडी पडली आणि शोरूम नांदेडला असेल तर 1500 मध्ये कोणता टोचनवाला येतो ते मला सांगा. कंपनीशी करार नसलेल्या बाहेरच्या गॅरेजला फक्त कॅशलेस सहसा नसतं, कारण कॅशलेसचा करार कंपनीचा ठरलेल्या गॅरेजांशी असतो. बाकी तुम्ही बिल भरायचं आणि पैसे खात्यावर घ्यायचे.

क्लेम अडतो तो गॅरेज बाहेरचं आहे म्हणून नाही, बिल कच्चं आहे म्हणून. वहीतल्या कागदावर ‘बंपर, बोनट, मजुरी’ आणि खाली एक गोल आकडा, असलं बिल कुणीच पास करणार नाही. जीएसटी नंबरचं, पार्ट वेगळे मजुरी वेगळी, असं बिल पाहिजे. मजुरीचा रेटही शोरूमपेक्षा कमी धरतात हे खरंय. आणि झिरो डेपसारखं (पार्टचा घसारा कापू न देणारं) जादा पैशाचं ॲड-ऑन घेतलं असेल तर काही पॉलिसीत गॅरेजबद्दल वेगळी अट असते, ती तेवढी वाचून घ्या.

वॉरंटीचं तर 2014 लाच झालंय. भारतीय स्पर्धा आयोगानं त्या वर्षी ऑगस्टमध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींच्या वर दंड लावला होता, बाहेरच्या गॅरेजांना स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत म्हणून. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या पुढं अपिलात गेल्या, ते सोडा. पण त्या आदेशात सरळ म्हणलंय की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानं जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. काऊंटरवरचा पोरगा काही का म्हणेना.

कॅशलेसमध्ये रुपया लागत नाही हे कुणाच्या स्वप्नात? समजा साडेचार वर्षांची गाडी, झिरो डेप नाही. बोनट 8,000 चं, पत्र्यावर त्या वयाला 35 टक्के घसारा, म्हणजे 2,800 तुमचे. बंपर 4,000 चा, प्लॅस्टिकला 50 टक्के, 2,000 तुमचे. समोरची काच 6,000 ची, तिला घसारा नाही. वरून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये 1,000 सक्तीनं तुमच्या वाट्याचे. झाले 5,800, आणि अजून रंगाचा घसारा धरलेलाच नाही. शोरूम असो का बाहेरचं, हिशेब हाच.

बोनस कायमचा जात नाही, शून्यावर येतो आणि पुढचं वर्ष क्लेमशिवाय गेलं की परत 20 टक्क्यांपासून चढतो. मात्र ज्याचा 50 टक्क्यांपर्यंत गेलाय त्यानं दोन-तीन हजारांच्या खरचट्यासाठी क्लेम टाकू नये, एवढी अक्कल मेसेजमध्ये चुकून आलीय. एफआयआर चोरीला लागतो, माणसाला लागलं किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं तर पोलिसांची कागदं लागतात. आपणच कंपाउंडला गाडी घासली त्याला सहसा कुणी मागत नाही.

आणि कंपनीनं खरंच अन्याय केला असेल तर आधी तिच्याकडं लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्या मराठवाड्याची प्रकरणं पुण्याच्या ऑफिसला जातात, फी नाही, वकील लागत नाही. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मात्र सोबत असू द्या, ती कंपनीकडून मेलवर मागून घ्या, तोंडी नको.